रीत दाखवा

बतूलला मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना.

जेद्दातल्या एका बालविकास केंद्रात मी वाचा-उपचार करायचे. बोलायला उशीर झालेली, अडखळणारी, न बोलणारी मुलं माझ्याकडे येत. त्या दिवशी काउंटरसमोर सहाएक वर्षांची एक मुलगी जमिनीवर बसून, दोन्ही कान झाकून, एका लयीत पुढे-मागे झुलत होती. काउंटरवरची मुलगी कळवळून म्हणाली, "मिस्कीना!" म्हणजे बिचारी. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांतही हा शब्द आहे, आणि तो म्हटला की मागोमाग एक सुस्कारा येतोच. पण शेजारी उभ्या असलेल्या उंच, काळ्याभोर सुदानी बाईने तो सुस्कारा पुरा होऊ दिला नाही.

"मिस्कीना कोण?" तिने विचारलं. "हिने सकाळी पोटभर खाल्लंय. पायात नवे बूट आहेत. आई शेजारी उभी आहे. मग मिस्कीना कोण, सांग बरं?"

काउंटरवरची मुलगी गडबडली, माफ करा म्हणाली. त्यावर ती बाई एकदम गडगडून हसली. "केलं माफ! आता हिला नावाने हाक मार. सल्मा नाव आहे तिचं."

बतूलचं भांडण असं असे. कडाडून पेटायचं आणि समोरच्याने चूक कबूल केली की त्याच दमात विझायचं. मागे धूर म्हणून राहायचा नाही.

ती मुलींच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायची. नवरा उस्मान बलद या जुन्या बाजारपेठेतल्या एका पेढीवर हिशेबाचं काम बघायचा. बाहेर तिच्या अंगावर सगळ्यांसारखा पायघोळ काळा अबाया, पण आत बायकांच्या भागात आली की ती तो उतरवायची आणि खालचा सुदानी तोब, आपल्या साडीसारखाच अंगाभोवती गुंडाळलेला, केशरी नाहीतर पोपटी, झळकायला लागायचा. मी खेडची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर जेद्दाला आले होते. माझं अरबी लहान मुलांबरोबर काम करता करता शिकलेलं, त्यामुळे ते लहान मुलांसारखंच होतं. बतूल म्हणायची, "नसरीन, तुझं अरबी ऐकलं की वाटतं, तुझ्या हातात एक बिस्किट ठेवावं." मग उरलेलं आम्ही इंग्रजीत बोलायचो.

सल्माला घेऊन ती याआधी एका दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी पाच-दहा मिनिटं पाहून लिहून दिलं होतं, मंदबुद्धी. घरात शिस्त नाही. वर झोपेचं औषध. बतूलने विचारलं, हे कशावरून ठरवलंत? तर ते म्हणाले, "तुम्ही लोक मुलांना मोकाट सोडता, मग ती अशीच होतात."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"वाक्य 'तुम्ही लोक'ने सुरू झालं की मी खुर्ची पुढे ओढते," ती म्हणाली. "ओढली. म्हटलं, डॉक्टर, उत्तर लिहिलंत, आता रीत दाखवा. माझ्या वर्गात नुसत्या उत्तराला मी भोपळा देते. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली."

ते औषध तिने एक दिवसही दिलं नाही.

"रीत दाखवा" हा तिचा पालुपदासारखा शब्द होता. नवऱ्याने भाजी महाग झाली म्हटलं तरी रीत दाखव, आणि मी सल्मात सुधारणा आहे म्हटलं तरी रीत दाखव. तिला खोटा धीर देता यायचा नाही. मात्र खरं काही दाखवलं, की ती ते दोन्ही हातांनी घ्यायची.

सल्मा स्वतःचं असं काही बोलत नव्हती. पण त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमधला आवाज ती हुबेहूब काढायची, "दरवाजा बंद होत आहे", त्याच स्वरात, शेवटच्या टिंगसकट. पंख्याकडे बघत राहायची. मिक्सर लागला की किंचाळत सुटायची. नावाने हाक मारली तर वळायची नाही, पण तीन खोल्या पलीकडे खजुराचा डबा उघडला की हजर. मला पहिल्याच आठवड्यात ऑटिझमची शंका आली होती. पण निदान करण्याचा अधिकार माझा नव्हता. तो आमच्या प्रमुख डॉक्टर लुब्ना यांचा. त्या जॉर्डनच्या मानसतज्ज्ञ, बोलायला कमी, कामाला काटेकोर.

चाचणीच्या दिवशी डॉक्टर लुब्नांनी सल्मापुढे नेहमीची पेटी उघडली. त्यात एक बाहुली होती, सोनेरी सरळ केसांची. डॉक्टरांनी कंगवा पुढे केला आणि म्हणाल्या, "हिचे केस विंचर." सल्माने कंगवा घेतला, उलटसुलट केला, बाजूला ठेवला. बाहुलीच्या केसांकडे मात्र ती टक लावून बघत राहिली. डॉक्टर पुढच्या खेळाकडे वळणार, एवढ्यात कोपऱ्यात बसलेली बतूल म्हणाली, "डॉक्टर, आमच्या घरात असे केस कुणाचेच नाहीत. असा कंगवा फिरवताना तिने कधी पाहिलेलंच नाही. एक मिनिट द्याल?"

नियमाप्रमाणे आईने मध्ये बोलायचं नसतं. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. पण त्यांनी मान हलवली.

बतूल उठली, बाहुलीच्या केसांचे तीन पेड तिने सुटे करून दाखवले आणि हात मागे घेतला. बास, एवढंच. सल्मा पुढे सरकली. तिची बोटं चालायला लागली. तिने एक बारीक वेणी घातली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग डोक्याच्या कडेकडेने ओळ धरून तिसरी. मध्ये एक पेड निसटला तर तिने तो उलगडून पुन्हा घातला. तोंडाने "दरवाजा बंद होत आहे" चालूच होतं. आम्ही तिघी बघत होतो. मंदबुद्धी म्हणून शिक्का मारलेल्या मुलीने आमच्यासमोर बाहुलीचं अर्धं डोकं बांधून काढलं.

डॉक्टर लुब्नांनी पेटी मिटली. "आजची चाचणी मी धरत नाही," त्या म्हणाल्या. "ही पेटी हिच्यासाठी केलेली नाही. मी तिला घरी येऊन बघेन. आणि प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचे ते तुम्ही मला सांगा, तुमच्या सुदानी बोलीत."

"आता रीत सापडली," बतूल म्हणाली.

पुढचे काही आठवडे डॉक्टर त्यांच्या घरी गेल्या, मीही गेले. मग एके सकाळी त्यांनी बतूल आणि उस्मानला केबिनमध्ये बसवून सांगितलं, सल्माला ऑटिझम आहे. बुद्धी चांगली आहे, जगाशी जोडून घ्यायची तिची पद्धत वेगळी आहे. शिकवावं लागेल, वेळ लागेल, पण ती शिकेल.

अशा वेळी आयांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक होतं. पाण्याचा ग्लास मी आधीच भरून ठेवला होता. बतूल उभी राहिली, दार उघडून व्हरांड्यात गेली आणि तिने जीभ टाळ्याला लावून तो लांब, थरथरता आवाज काढला, जो अरब घरांत लग्नाच्या वेळी ऐकू येतो. एकदा, दोनदा, तीनदा. सगळ्या खोल्यांतून लोक बाहेर आले. इजिप्तची नर्स म्हणाली, "मबरूक! कुणाचं ठरलं?"

"माझ्या मुलीचं बारसं झालं," बतूल म्हणाली. "इतकी वर्षं लोक तिला वाह्यात म्हणत होते, वेडी म्हणत होते, मला बेजबाबदार म्हणत होते. आज कुणीतरी खरं नाव घेतलं."

उस्मान केबिनमध्ये डोळे पुसत होता आणि हसतही होता. दुसऱ्या दिवशी बतूलने खरोखरच केंद्रात सगळ्यांना मिठाई वाटली. डॉक्टर लुब्नांनीही खाल्ली, आणि महिन्याभरात खेळण्यांच्या पेटीत काळ्या, कुरळ्या केसांच्या दोन कापडी बाहुल्या आल्या. शिवल्या होत्या बतूलनेच.

केसांचं प्रकरण तिथे संपलं नाही, खरं तर तिथेच सुरू झालं. सल्मासारख्या मुलींना डोक्याला हात लावलेला सोसत नाही. त्यात असे दाट, घट्ट कुरळे केस. विंचरताना आकांत होतो. पार्लरवाल्या दारातूनच परत पाठवतात. एका सोमाली बाईने वैतागून मुलीचं डोकंच भादरून टाकलं होतं. बतूलने स्वतःची पद्धत बसवली होती. आधी सल्माच्या मांडीवर जड गोधडी. मग दोन्ही तळवे डोक्यावर घट्ट दाबून धरायचे. तेल-पाणी लावून टोकापासून वर वर यायचं, मोठ्याने आकडे मोजत, म्हणजे कधी संपणार ते मुलीला कळतं. हे एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बतूलच्या दोन खोल्यांत गर्दी व्हायला लागली. सोमाली, एरिट्रियन, नायजेरियाच्या हौसा जमातीच्या बायका, आणि त्यांची मुलं. केसांसाठी यायच्या आणि बोलून जायच्या. जवळजवळ प्रत्येकीला कुणी ना कुणी सांगितलेलं होतं, तुमच्या मुलांना वळणच नाही. बतूल विचारायची, "रीत विचारलीस का त्याला?" मग त्यातल्या कितीतरी जणी मुलांना घेऊन डॉक्टर लुब्नांपुढे आल्या. मी शुक्रवारी जायला लागले ते मदत म्हणून. पण खरं सांगायचं तर मला तिथे मजा यायची. एवढं हसणं मी जेद्दात दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

अशाच एका शुक्रवारी बतूल सल्माच्या वेण्या घालत होती. अर्धं डोकं झालं होतं. सल्माने अचानक आईचा हात धरला, बाजूला केला आणि म्हणाली, "खलास."

लिफ्टचा आवाज नव्हता तो. स्वतःचा होता, जरा घोगरा. बतूलचा कंगवा हातातून गळून पडला.

"खलास?" बतूलने विचारलं.

"खलास."

"ठीक. खलास तर खलास." आणि तिने तेलाची बाटली बंद केली. कुणीतरी म्हणालं, अगं, निदान तेवढी बाजू तरी पुरी कर, अशी बाहेर कशी नेणार? बतूल म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं. ते मिळतं हे तिला कळू दे. केस उद्याही आहेत."

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी बलदच्या बाजारात गेलो, वेणीत ओवायचे मणी आणायला. सल्माचं अर्धं डोकं वेण्यांचं, अर्धं ढगासारखं मोकळं. बतूल अशा दिमाखात चालली होती की जणू मुलीने मुकुटच घातला आहे. एका दुकानाबाहेरचा जनरेटर धडधडत सुरू झाला, आणि सल्माने हात हिसडून पळ काढला. गर्दीत ती क्षणात दिसेनाशी झाली.

आम्ही गल्ल्या धुंडाळल्या. बतूल हाका मारत नव्हती, कारण हाकेला ती वळणार नाही हे तिला ठाऊक होतं. ती फक्त कान देऊन चालत होती. आणि एका चौकीतून तिला ऐकू आलं, "दरवाजा बंद होत आहे. दरवाजा बंद होत आहे."

आत एक तरुण सौदी गार्ड सल्माचं मनगट धरून उभा होता. ती खाली बसून डोकं भिंतीला घासत होती. बाजारात भीक मागणाऱ्या मुलांमध्ये आफ्रिकेतली बरीच असत, आणि त्यांना उचलून नेणारी गाडी असे. गार्डने ती गाडी बोलावली होती. एकदा सल्मा त्या गाडीत बसली असती, तर स्वतःचं नावही न सांगणाऱ्या मुलीला आम्ही कुठे कुठे शोधलं असतं? मला वाटलं, आता बतूल त्या पोराला फाडून खाणार.

ती त्याच्याकडे न बघता जमिनीवर बसली. सल्माचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं. हळूहळू मोजायला लागली. सल्माचं झुलणं मंदावलं. मग बतूलने मान वर केली. "भावा, हिचा हात सोड. आणि वरचा तो दिवा घालवता येईल का?"

त्याने हात सोडला. दिवाही घालवला.

"तू तिला का धरलंस, सांगशील?"

तो चाचरत म्हणाला, "एकटी होती. विचारलं तर बोलेना. केस असे... आणि..."

"आणि काळी," बतूल म्हणाली. "म्हण ना. मीही आहे. आता ऐक. एकटी होती आणि तुझं लक्ष गेलं, त्याबद्दल तुझे आभार. बोलत नाही, कारण तिला तवह्हुद आहे, ऑटिझम. केस असे आहेत, कारण आज तिने मला थांब म्हटलं आणि मी थांबले. राहिलं काळी असणं. त्यावरून तू भिकारी हे उत्तर काढलंस. रीत दाखव."

पोरगा लाल झाला. मग त्याने फोन लावून गाडी नको म्हणून सांगितलं, आणि सल्मापासून दोन हात लांब पाण्याची बाटली ठेवली, तिच्या अंगाला न लागता. "परत असं कुणी मूल दिसलं तर मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"हे आवडलं मला!" बतूल म्हणाली आणि तिथेच, अंधाऱ्या चौकीत, तिने त्याचा तास घेतला. त्या पोराने साहेबाला सांगितलं असावं, कारण रमजानच्या गर्दीआधी तिला बाजाराच्या कचेरीतून बोलावणं आलं. तीसेक गार्ड खुर्च्यांवर आणि पुढे बतूल, अबायाच्या कडेने केशरी तोब डोकावत होता. मी मागे उभी होते. तिने पहिलंच वाक्य टाकलं, "मी गणिताची बाई आहे. मोबाईल बंद." सगळ्यांनी केले.

त्याच सुमारास सौदीकरणाचा जोर वाढला. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, हा नियम एकेका धंद्यात शिरत होता. बतूलच्या शाळेने तिला वर्ष संपताना मोकळं केलं. आमच्या केंद्रातही हनादी नावाची सौदी मुलगी रुजू झाली. तिला मी शिकवायचं आणि माझा करार संपला की तिने माझी जागा घ्यायची, असं ठरलं. हनादीचा आजा नायजेरियातून हजला आला आणि इथेच राहिला. ती सौदी होती आणि बतूलइतकीच काळी. मी जरा उतरल्या तोंडाने हे सांगितलं तेव्हा बतूल म्हणाली, "तू जाणार याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं. पण नसरीन, आमच्या मुली त्या खोलीत जातील आणि टेबलापलीकडे त्यांच्यासारखीच दिसणारी बाई बसलेली असेल. प्रश्न विचारणारी. हे मी कधी पाहिलेलं नाही. तिला नीट शिकव हं. काही हातचं राखू नकोस."

मी राखलं नाही. हनादीही पक्की निघाली. शुक्रवारी ती यायला लागली आणि वेण्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या घालायची.

नोकरी गेल्यावर बतूल घरी बसेल असं कुणाला वाटलं असेल तर तो तिला ओळखतच नव्हता. "आता दिवसभर मोकळी आहे, सल्माला शाळा शोधते," ती म्हणाली. तीन शाळांनी नाही म्हटलं. चौथ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमचे पालक तक्रार करतील."

"कशाची? ऑटिझमची की रंगाची?" बतूलने खुर्ची पुढे ओढली. "एकच सत्र घ्या. हनादी आठवड्यातून दोनदा वर्गात येऊन बसेल. तुमच्या शिक्षिकांना मी फुकट शिकवीन. सत्र संपल्यावर नको वाटली तर मी स्वतः तिला घेऊन जाईन, एक शब्द बोलणार नाही."

"तुम्ही एक शब्द बोलणार नाही?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. सल्माला एका सत्रापुरता प्रवेश मिळाला.

ते सत्र संपायच्या आधीच आमचं खेडला परत निघायचं ठरलं. माझ्या शेवटच्या शुक्रवारी बतूलच्या दारात एक नवी बाई आली, चाडची. अबायाआड चार वर्षांचा मुलगा लपवून उभी. आत पाऊल टाकायच्या आधीच माफी मागायला लागली. हा ओरडतो, चावतो, वस्तू फोडतो. बतूल स्वयंपाकघरात माझ्याबरोबर कॉफी कुटत होती. ती उठायला गेली आणि थांबली. बाहेर हनादी त्या बाईला म्हणत होती, "फोडू दे. इथे फुटण्यासारखं काही आम्ही ठेवलेलंच नाही. बसा. नाव काय याचं?"

बतूलने माझ्या दंडाला चिमटा काढला. "ऐकलंस? मला जावंच लागलं नाही!" परीक्षेत पहिली आल्यासारखा चेहरा झाला होता तिचा. निरोपाचं बोलणं आम्ही टाळतच होतो. ते टळलंच. निघताना तिने मला नुसतं घट्ट धरलं आणि सामानात आणखी दोन किलो खजूर कोंबला.

खेडला येऊन मी घर लावत होते. एका दुपारी बतूलचा फोन आला. ती म्हणाली, "सत्र संपलं. मुख्याध्यापिकेने आज बोलावलं होतं. मी सल्माचं दप्तर आवरायच्या तयारीने गेले."

"मग?"

"म्हणाली, सल्मा राहील. गणितात वर्गाच्या पुढे आहे. मुली तिला मधल्या सुट्टीत शोधत येतात. शिक्षिका पूर्वीपेक्षा शांत झाल्यात. मग तिने दार लोटलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, सल्माच्या आई, तुमच्या ओळखीत अशा आणखी मुली आहेत का?"

"तू काय सांगितलंस?"

"मी?" बतूल म्हणाली. "मी खुर्ची ओढली नाही, काही नाही. विचारलं, तुमच्याकडे जागा किती आहेत?"